आगकाड्या चालवणारा माणूस : दादासाहेब फाळके आणि आमचा कोडिंगचा तास



दादासाहेब फाळके म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? 'राजा हरिश्चंद्र', 1913 साल, भारतीय चित्रपटाचे जनक आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एवढंच असतं आणि परीक्षेपुरतं ते पुरतंही. आज मात्र मी तुम्हाला फाळक्यांकडे जरा वेगळ्या वाटेने नेणार आहे. ही वाट आगपेटीतून जाते.

त्याचं झालं असं. मी बोईसरला पाचवीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास स्क्रॅच शिकवते. ज्या पालकांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, स्क्रॅच म्हणजे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून संगणकाला सूचना द्यायच्या. सूचना बरोबर असल्या की पडद्यावरचं चित्र चालतं, वळतं, उड्या मारतं. पहिल्याच आठवड्यात माझ्या वर्गाचे आपोआप दोन भाग पडले. ज्यांची चित्रकला चांगली ती मुलं टॅबला चिकटून बसली, बाकीची मागच्या बाकावर. कार्टून म्हणजे चित्र, आणि चित्र आपल्याला येत नाही, म्हणजे हा तास आपला नाही, असं त्या मुलांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. एक मुलगा तर दुसऱ्या आठवड्यात यायचाच बंद झाला. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

तेव्हा मला फाळक्यांच्या आगकाड्या आठवल्या. साधारण 1915 च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाचा एक छोटा चित्रपट केला होता. त्यात नट नव्हते, चित्रंही नव्हती. काड्याच पडद्यावर हलत होत्या. काडी कुणालाही काढता येते हो! एक रेघ आणि टोकाला एक ठिपका.

आता फाळक्यांची गोष्ट पहिल्यापासून बघू.

आपल्या बोईसरहून मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा करत घाट चढत गेलं की त्र्यंबकेश्वर लागतं. तिथे 30 एप्रिल 1870 रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. म्हणजे तसे ते आपले शेजारीच. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित होते. त्यांना मुंबईत संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. मुलाचा ओढा मात्र पोथीपेक्षा रंगांकडे होता. 1885 मध्ये त्यांनी जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला आणि छायाचित्रण शिकले. गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा व्यवसाय मांडला, पण प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेले. ते गाव त्यांना सोडावे लागले.

यानंतरची दहा वर्षे वाचताना तुम्हाला थोडी धाप लागेल. नाटकांसाठी पडदे रंगवणे. जादूचे प्रयोग, तेही स्वतःचे आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने! 1902 मध्ये दुसरा विवाह झाला, सरस्वतीबाईंशी. 1903 मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून सरकारी नोकरी लागली, ती त्यांनी 1906 च्या सुमारास सोडली. मग लोणावळ्याला छापखाना, राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचे काम, 1909 मध्ये रंगीत छपाईचे तंत्र आणि यंत्रे यांसाठी जर्मनीची वारी. आणि परत आल्यावर भागीदारांशी मतभेद होऊन छापखानाही सुटला.

पालकहो, आजचा असा मुलगा आपल्या घरी असता तर आपण काय म्हटलं असतं? एका गोष्टीवर टिकत नाही, असंच ना? मीसुद्धा म्हटलं असतं. पण यादी पुन्हा बघा. रेखाटन, फोटो, रंगवलेले पडदे, हातचलाखी, रसायने, यंत्रे. चित्रपट बनवायला लागणारं जवळजवळ सगळं या माणसाने चित्रपट बघण्याआधीच शिकून ठेवलं होतं. फक्त ते कशासाठी, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

ते कळलं गिरगावात. येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट त्यांनी तिथे पाहिला आणि पडद्यावर ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. वय चाळिशीचं, हातात नोकरी नाही, पदरात मुलं. त्यानंतर कित्येक महिने ते रोज संध्याकाळी चित्रपटगृहात जाऊन बसत, घरी येऊन प्रयोग करत आणि जेमतेम झोपत. याचा परिणाम डोळ्यांवर झाला. काही काळ तर जवळजवळ दिसेनासेच झाले. डॉक्टरांच्या उपचाराने आणि वेगवेगळ्या चष्म्यांनी दृष्टी परत आली. मुलांना मी हा भाग सांगते तेव्हा वर्ग एकदम शांत होतो. चित्र बघण्याच्या वेडापायी चित्र बघण्याचं साधनच गमवायची वेळ आली होती. (स्क्रीन टाइमबद्दल काळजी करणाऱ्या पालकांना हा प्रसंग फार आवडतो, असा माझा अनुभव आहे!)

फेब्रुवारी 1912 मध्ये फाळके लंडनला निघाले. ओळख कुणाचीच नव्हती. 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत ते सरळ जाऊन उभे राहिले. तिथल्या संपादकांच्या मदतीने सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ त्यांना आतून बघायला मिळाला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये परतले आणि दादरला राहू लागले. आपली डहाणू लोकल पकडून दादरला पूर्वेला उतरलात, तर जवळच दादासाहेब फाळके मार्ग आहे. कधी मुलांना घेऊन गेलात तर पाटी दाखवा.

कॅमेरा आला, पण पैसा नव्हता. नुसत्या बोलण्यावर कर्ज कोण देणार? मग फाळक्यांनी जे केलं ते मला त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं. 'हरिश्चंद्रा'पेक्षाही.

त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा पक्का बसवला. आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घ्यायला सुरुवात केली. माती फुटली, कोंब आला, पाने उलगडली, वेल वर चढला. कितीतरी दिवसांचा हा प्रवास पडद्यावर मिनिट-दीड मिनिटात दिसू लागला. बघणाऱ्यांना वाटले, वाटाणा आपल्या डोळ्यांदेखत उगवतो आहे. पैसे देणाऱ्यांची खात्री पटली. 'अंकुराची वाढ' म्हणून ही छोटी फिल्म ओळखली जाते.

विचार करा, इथे फाळक्यांना काय गवसलं होतं? हालचाल कॅमेऱ्यात नसते. ती दोन चित्रांमधल्या छोट्याशा फरकात असते. फरक किती आणि किती वेळाने दाखवायचा, हे ठरवणारा माणूस हालचाल तयार करतो. वाटाण्याच्या वेळी हा फरक निसर्ग करत होता, फाळके फक्त वेळ ठरवत होते.

'राजा हरिश्चंद्र'बद्दल तुम्हाला माहिती आहेच, म्हणून थोडक्यात. विम्याची पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवली. रोहिदास झाला फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. लांबी सुमारे 3700 फूट.

हा आकडा फळ्यावर लिहा आणि मुलांना गणित घाला. एका फूट फिल्मवर 16 चित्रं बसतात. 3700 गुणिले 16 म्हणजे 59,200 चित्रं! आणि एक गोष्ट मुलांना सांगायला विसरू नका. त्या काळी कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. कॅमेऱ्यात ती पुढे सरकण्यासाठी दोन्ही कडांना भोकं लागतात, एका फुटाला एका कडेवर 64. ही भोकं अंधारात पाडावी लागत, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम रात्री घरी चालायचं आणि ते सरस्वतीबाईंनी शिकून घेतलं होतं. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, चित्रण चालू असताना उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं, आणि रात्री अंधारात भोकं पाडणं. पुस्तकात त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा दागिने विकल्याची एकच ओळ येते. मला विचाराल तर त्या या देशातल्या पहिल्या तंत्रज्ञांपैकी एक होत्या.

पुढे फाळके नाशिकला गेले. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' झाले. 1914 मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊन आले. तेवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. कर्ज मिळेना, मोठा चित्रपट करायला पैसा नाही. दुसरा कोणी हात बांधून बसला असता. फाळक्यांनी या काळात छोट्या छोट्या फिल्म केल्या, आणि त्यातलीच आपली 'आगकाड्यांची मौज'. काड्यांना ना पगार, ना जेवण, ना साडी! काड्या मांडायच्या, एक चित्र घ्यायचं. किंचित सरकवायच्या, दुसरं घ्यायचं. फ्रान्समध्ये एमिल कोल नावाच्या माणसाने 1908 मध्ये असाच काड्यांचा खेळ पडद्यावर आणला होता. आपल्याकडे ते नाशिकच्या या माणसाने केलं. भारतातल्या ॲनिमेशनची सुरुवात सांगताना हेच नाव पुढे येतं.

आता वाटाण्यातला आणि काडीतला फरक बघा. वाटाणा स्वतः वाढत होता. काडी स्वतः काहीच करत नाही. किती सरकायचं, किती वळायचं, हा नियम फाळक्यांच्या डोक्यात होता.

आम्ही वर्गात हे करून बघितलं. मुलांच्या हातात खऱ्या काड्या द्यायच्या नव्हत्या, म्हणून खराट्याचे हीर तोडून टोकाला लाल स्केचपेन लावला. (तुम्हीही तसंच करा.) पुस्तकांच्या थप्पीवर मोबाइल ठेवला. ठरलं असं, की काडीने एक पूर्ण गिरकी घ्यायची, 24 फोटोत. म्हणजे दर वेळी 15 अंश. कोनमापक आणला. सतराव्या फोटोला कुणाचा तरी हात थप्पीला लागला. पुन्हा पहिल्यापासून. मग पंख्याने काडी उडाली. पंखा बंद, एप्रिलचा बोईसरचा उकाडा, घामाघूम मुलं, आणि शेवटी 24 फोटो झाले. मूकपटाच्या वेगाने, सेकंदाला 16 म्हटलं, तर आमची अख्ख्या तासाची कमाई दीड सेकंद!

त्यानंतर टॅब हातात घेतले. स्क्रॅचमध्ये एकच काडी काढली. काडीला सांगायचं काय? 15 अंश वळ, थोडं थांब, हे 24 वेळा कर. तीन ठोकळे. हिरवा झेंडा दाबला आणि काडी फिरली.

फिरली खरी, पण पंख्याच्या पात्यासारखी, मधोमध धरून. आम्हाला हवी होती घड्याळाच्या काट्यासारखी. अर्धा तास गेला. शेवटी एका मुलीच्या लक्षात आलं, की चित्र काढायच्या चौकटीत मध्ये एक बारीक खूण असते, काडी त्या खुणेभोवती फिरते. तिने काडी सरकवून तिचं खालचं टोक त्या खुणेवर आणून ठेवलं. झालं काम! (ती मुलगी मागच्या बाकावरची होती, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.)

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्या, कारण मुलं विचारतात. संगणक चित्र दोन प्रकारे लक्षात ठेवतो. एक म्हणजे ठिपक्यांनी, फोटोसारखं. कुठल्या चौकोनात कुठला रंग, एवढंच त्याला माहीत. चित्र मोठं केलं की कडा जिन्यासारख्या दिसतात. दुसरा प्रकार म्हणजे व्हेक्टर. यात संगणक ठिपके साठवत नाही. रेघेचं एक टोक कुठे, दुसरं कुठे, जाडी किती, रंग कोणता, एवढं लिहून ठेवतो आणि दर वेळी रेघ नव्याने काढतो. म्हणून ती पाटीएवढी करा नाही तर भिंतीएवढी, स्वच्छच राहते. स्क्रॅचच्या चित्रचौकटीत खाली दोन्ही प्रकारांत बदलायचं बटण आहे. एकच काडी दोन्ही प्रकारे काढा, पडदा पूर्ण मोठा करा आणि मुलांनाच फरक शोधू द्या.

आणि टोक कुठे हे कसं सांगायचं? दोन आकड्यांनी. स्क्रॅचचा रंगमंच डावीकडून उजवीकडे उणे 240 ते 240 आणि खालून वर उणे 180 ते 180. मध्ये शून्य. पाचवीत उणे संख्या नाहीत, मान्य. पण मांजर डाव्या कोपऱ्यात पाठवायची असेल तर मुलं दहा मिनिटांत उणे शिकतात. दोन टोकांचे चार आकडे म्हणजे एक काडी. आकडे हळूहळू बदलत नेले की काडी चालते. काडी जमल्यावर मुलं आपसूक वारली चित्राकडे वळली. डोक्याला एक वर्तुळ, अंगाला टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, हातापायांना काड्या. आपल्या भागातल्या मुलांना हे वेगळं शिकवावं लागत नाही, भिंतींवर बघतच मोठी झालीत ती.

पुन्हा फाळक्यांकडे येते. युद्धाच्या काळातच 1917 मध्ये 'लंकादहन' आला आणि तुफान चालला. त्यात साळुंके राम पण आणि सीता पण! 1918 मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. 'श्रीकृष्ण जन्म' आणि 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची लहानगी लेक मंदाकिनी कृष्ण झाली. पण पुन्हा भागीदारांशी पटले नाही. ते सगळे सोडून काशीला गेले, तिथे नाटक लिहिले, काही काळाने परत आले. बोलपट आल्यावर त्यांचा काळ सरला. 1937 चा 'गंगावतरण' हा कोल्हापुरात केलेला त्यांचा एकमेव बोलपट, आणि शेवटचा चित्रपट. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. शेवटची वर्षे विपन्नावस्थेत गेली. ज्या पुरस्कारासाठी आपण त्यांचं नाव घेतो तो 1969 मध्ये सुरू झाला, म्हणजे ते गेल्यावर पंचवीस वर्षांनी.

नव्वदहून अधिक चित्रपट केलेल्या या माणसाचं आज फार थोडं शिल्लक आहे. 'आगकाड्यांची मौज' तर नाहीच. मुलांनी मला ती दाखवा म्हणून हट्ट धरला तेव्हा मला नाही म्हणावं लागलं. फिल्म गेली, आणि काड्या कशा सरकवल्या तो नियम डोक्यात होता, तोही फाळक्यांबरोबर गेला. मुलांनी वहीत मात्र लिहून ठेवलंय, 15 अंश, 24 वेळा. टॅब बिघडला तरी काडी परत फिरवता येईल.

आता त्या यायचं बंद केलेल्या मुलाबद्दल. त्याचे वडील एमआयडीसीत कामाला आहेत. मुलगा शाळेत कार्टून बघतो, अशी त्यांची समजूत झाली होती आणि त्यांनीच त्याला त्या तासाला बसू नको म्हणून सांगितलं होतं. पालकसभेला रात्रपाळी करून ते तसेच आले. मी त्यांना वाटाण्याची गोष्ट सांगितली, त्यांनी मान डोलावली, पण चेहऱ्यावर काही बदल नाही. मग एका मुलाने केलेली काडी दाखवली आणि तिच्यामागचे आकडे दाखवले. ते पुढे वाकले. ते सीएनसी मशिन चालवतात. तिथेही एक्स किती, वाय किती हे भरलं की कटर तसा लोखंडावरून फिरतो, आकडा चुकला की माल भंगारात. त्यांनी काडीचा एक आकडा स्वतः बदलला, झेंडा दाबला, काडी पडद्याबाहेर गेली, आणि ते हसले.

पुढच्या शनिवारी साप्ताहिक सुट्टी असताना ते वर्गात आले आणि दहा मिनिटं मुलांशी बोलले. फळ्यावर त्यांनी एक्स आणि वायच्या रेघा काढल्या. मग सांगितलं, की त्यांच्या मशिनला तिसरी पण रेघ असते, झेड, कटर किती खोल जायचा ते सांगणारी. त्यांच्या मुलाने लगेच हात वर करून विचारलं, की मग आमच्या काडीचा झेड कुठे आहे. वडिलांनी माझ्याकडे बघितलं, मी घड्याळाकडे. त्यावर पुढच्या लेखात लिहीन, तोपर्यंत तुमच्या वर्गातल्या काड्या कशा फिरल्या ते जरूर कळवा.